जेमी बुडाला ते पटलं, वर आला ते नाही

ज्यांनी बघितलंय त्यांना 'जेमी पाण्यात' एवढं म्हटलं तरी पुरे, बाकीच्यांसाठी आधी प्रकरण नीट सांगतो. गेम ऑफ थ्रोन्स, सातवा सीझन, चौथा एपिसोड, 'द स्पॉइल्स ऑफ वॉर'. ६ ऑगस्ट २०१७ ला आला, दिग्दर्शन मॅट शॅकमनचं, लांबी ५० मिनिटं, म्हणजे तोवरचा सगळ्यात आखूड एपिसोड. शेवटची लढाई संपली आणि आम्ही चौघं जे भांडायला लागलो ते पुढचा एपिसोड येईपर्यंत भांडतच होतो. बरं, उत्तर मिळाल्यावर तरी मिटावं ना, तर तिथून ते आणखी पेटलं.

तर राणी सर्सीच्या लॅनिस्टर घराण्याचं सैन्य हायगार्डनचा किल्ला लुटून परत निघालंय, सेनापती तिचा भाऊ जेमी. सोनं पुढे जाऊन राजधानी किंग्ज लँडिंगच्या दरवाज्यातून आत पोचलंय, मागे राहिल्यात धान्याच्या गाड्या, आणि त्यांची रांग ब्लॅकवॉटर रश नदीपाशी लांबलचक पसरलीय. जेमीसोबतचा म्हातारा सरदार रँडिल टार्ली आधीच कुरकुरतोय की अंधार पडायच्या आत हे सगळं पार न्यायला हवं. मग जमिनीतून घुमल्यासारखा आवाज येतो, टेकाडावर डोथ्राकी घोडेस्वार दिसतात, आणि त्यांच्या डोक्यावरून ड्रोगॉन नावाचा ड्रॅगन, पाठीवर सर्सीच्या गादीवर हक्क सांगणारी डेनेरिस. पुढे नुसती आग. जेमीचा भाडोत्री साथीदार ब्रॉन कसाबसा स्कॉर्पियनपर्यंत पोचतो (म्हणजे सर्सीचा सल्लागार क्वायबर्नने बनवलेलं ते भलंमोठं बाण फेकायचं यंत्र), पहिला बाण हुकतो, दुसरा ड्रॅगनच्या खांद्यात घुसतो. ड्रॅगन खाली उतरतो, डेनेरिस तो बाण उपसायला बघते, आणि तिचं लक्ष नाही असं पाहून जेमी भाला उचलून घोडा फेकतो. लांबून त्याचा भाऊ टिरियन (हा आता डेनेरिसच्या बाजूला) बघतोय आणि तोंडातल्या तोंडात शिव्या घालतोय की पळ रे मूर्खा. ड्रॅगन मान वळवतो, जबडा उघडतो, ज्वाळा पोचणार त्या क्षणाला कुणीतरी बाजूने झेप घेऊन जेमीला घोड्यावरून पाण्यात पाडतं. शेवटचा शॉट म्हणजे चिलखतासकट, तुटलेल्या हाताच्या जागी बसवलेल्या सोन्याच्या हातासकट जेमी खाली खाली अंधारात चाललाय. संपलं. नावं सुरू.

पाचेक सेकंद कुणी बोललं नाही, मग आमच्यातला जो पोहायला शिकवतो तो म्हणाला, "हा मेला." आणि जी लहानपणापासून घोड्यावर बसते ती म्हणाली, "वेडा आहेस का, जेमी असा मरत नसतो." झालं, इथून सुरुवात.

आता पहिल्यांदा तो नेहमीचा मुद्दा निकालात काढतो, कारण कुठल्याही फँटसीवर बोलायला लागा, कोणीतरी येऊन म्हणतंच की अरे उडणारा आग ओकणारा ड्रॅगन चालतो तुम्हाला आणि पाण्याची खोली चालत नाही? आमच्यात हे चौथ्याने म्हटलं, आणि म्हणून स्वतःला फार हुशार समजला. पण हा मुद्दा मुळात उलटा आहे. ड्रॅगन ही मालिकेने पहिल्या सीझनच्या शेवटी आपल्याकडे मागून घेतलेली सूट आहे, आपण ती दिलीय, विषय संपला. पण दगड खाली पडतो, लोखंड बुडतं, माणसाला श्वास लागतो या गोष्टींवर सूट कुणी मागितलेलीच नाही, उलट त्याच गोष्टींच्या जिवावर ती मालिका आपल्याला घाबरवते. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने हजार-अकराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की रसभंग होतो तो औचित्य सुटलं म्हणून. गोष्ट अद्भुत असण्याबद्दल त्याची तक्रार नाहीये.

आणि गंमत म्हणजे ड्रॅगनबद्दल आमच्यापैकी एकानेही तक्रार केली नाही. सैनिक जागच्या जागी राख होतात आणि वाऱ्यावर उडून जातात असं दाखवलंय, आता खऱ्या दहनभट्टीत आठशे-हजार अंश सेल्सिअस तापमानाला एका देहाला तास-दीड तास लागतो, तरी कुणी हूं की चूं केलं नाही. ड्रॅगनची आग आहे, असेल बाबा तशी.

बाकीच्या शंकांपैकी दोन-तीन पटापट सांगतो. टेहळणीचे स्वार कुठे होते? एवढा मोठा काफिला शत्रूच्या धास्तीत चाललाय आणि चारी बाजूंना दोन-दोन कोसांवर एक माणूस नाही, हजारो घोडी टेकाडामागून येतात तरी धूळ कुणाला दिसत नाही, आवाज ऐकू येईपर्यंत सगळे गाफील. ही चूक आहे, मी मान्य करतो, घोडेवालीनेही केली. धान्य जाळलं तो मूर्खपणा नाही का? हो, डेनेरिसला स्वतःची फौज पोसायचीय तरी तिने गाड्याच पेटवल्या, पण हा माणसाचा मूर्खपणा आहे, लेखकाचा नाही, रागात माणूस असंच करतो. मात्र घोडदळ सरळ भाल्यांच्या रांगेवर कसं गेलं या प्रश्नाला एपिसोडने चोख उत्तर दिलंय आणि ते फारसं कुणी बोलून दाखवत नाही. खरा घोडा दाट भाल्यांच्या भिंतीवर आपणहून छाती आदळत नाही, ऐन वेळी कच खातो, वळतो, हे घोडेवाली शपथेवर सांगते. म्हणूनच इथे डोथ्राकी पोचायच्या आधी ड्रोगॉन त्या रांगेत आगीने भगदाड पाडतो आणि घोडी त्या भगदाडातून आत शिरतात. बघताना कळतही नाही, पण कुणीतरी बसून विचार केलाय.

स्कॉर्पियनचंही तसंच. रोमन सैन्यात याच नावाचं, पिळलेल्या दोरांच्या ताकदीवर बाण फेकणारं यंत्र होतंच, आणि हे यंत्र दोनच एपिसोड आधी आपल्याला नीट दाखवलेलं होतं, बेलेरियन या जुन्या, मेलेल्या ड्रॅगनच्या कवटीवर बाण मारून. मग लढाईत पहिला बाण हुकवला, दुसरा लागला, आणि लागला तरी ड्रॅगन मेला नाही. जेवढं वचन दिलं तेवढंच दिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पाणी. खरी मजा इथे आहे, आठवडाभर आम्ही यावरच होतो.

पहिला प्रश्न खोलीचा. काही क्षणांपूर्वी घोडा काठाच्या उथळ पाण्यातून पाणी उडवत धावतोय आणि स्वार पडतो तो थेट डोहात? पोहणारा म्हणाला अशक्य. घोडेवाली म्हणाली नदी कधी पाहिलीयस का, वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह जोरात असतो, तो काठ खालून पोखरतो, तिथे एक पाऊल गुडघाभर आणि पुढचं पाऊल पुरुषभर असं होतं, आतल्या अंगाला वाळू साचते आणि उथळ राहतं. ती बरोबर होती, नद्या अशाच वागतात. फक्त सीनमध्ये ते वळण दिसत नाही. ही लढाई शूट झाली स्पेनमध्ये कासेरेसजवळ, लॉस बारुएकोस म्हणून ठिकाण आहे तिथे, ग्रॅनाइटचे प्रचंड गोल धोंडे आणि मधेमधे साठलेलं पाणी, त्यामुळे पडद्यावर वाहती नदी वाटतच नाही, तळं वाटतं. म्हणून डोळ्याला खटकतं. तरी खोलीचा मुद्दा मी सोडून दिला, संशयाचा फायदा.

दुसरा प्रश्न आगीचा, तो तर मालिकेच्याच बाजूचा. उष्णतेची किरणं पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरातच शोषली जातात, त्यामुळे हातभर पाण्याखाली गेलेला माणूस काही क्षण तरी सुरक्षित असतो. म्हणजे झेप घेणाऱ्याने केलं ते शंभर टक्के शहाणपणाचं होतं.

तिसरा प्रश्न चिलखत. युरोपातलं लढाईचं पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं असायचं, अंगभर वाटलेलं, ते घालून माणूस पळू शकतो, घोड्यावर चढू शकतो. जेमीचं सगळं पत्र्याचं नाही, चामडंही आहे, म्हणून आम्ही उदार होऊन १५ किलो धरले. पोलाद पाण्यापेक्षा जवळपास आठपट जड, म्हणजे पाण्यात त्याचं वजन आठव्या हिश्श्याने कमी होतं, १५ चे १३ राहतात. छातीत पूर्ण श्वास असेल तर शरीर दोन-तीन किलो वर उचलून धरतं, पण घोड्यावरून धक्का बसून पडलेल्या माणसाच्या छातीत श्वास कुठला राहतोय. तर १० किलोच्या वर निव्वळ खाली ओढणारं वजन. इथे पोहणाऱ्याने त्याचं हुकमी पान काढलं: अमेरिकेत जीवरक्षकाच्या परीक्षेत १० पौंडाची, म्हणजे साडेचार किलोची वस्तू पाण्याच्या तळातून वर आणायला लावतात, आणि त्यातही लोकांची दमछाक होते. इथे दोन-अडीच तशा वस्तू, वर एक घाबरलेला माणूस, आणि वाचवणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावर चामड्याचं चिलखत.

घोडेवालीने हार मानली नाही. ती म्हणाली जपानमध्ये चिलखत घालून पोहण्याची जुनी विद्या आहे, आजही प्रात्यक्षिकं होतात. हेही खरंय. पण ती माणसं वर्षानुवर्षं शिकलेली, तयारीने पाण्यात उतरलेली आणि दोन्ही हात असलेली. उलट इतिहासात बघाल तर फ्रेडरिक बार्बारोसासारखा सम्राट फौजेसकट निघाला आणि १० जून ११९० ला आत्ताच्या तुर्कस्तानातल्या सालेफ नदीत बुडून गेला, आणि १४६१ साली टाउटनच्या लढाईत पळणाऱ्यांपैकी कितीतरी जण कॉक बेक नावाच्या एका ओढ्यात गेले. ओढा, नदीही नाही.

चौथा प्रश्न हाताचा, आणि हा प्रयोग आम्ही खरंच केला. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात पोहणाऱ्याने मनगटापर्यंत हात बुडवला, सांडलेलं पाणी खालच्या परातीत धरलं आणि मापाने मोजलं, चारशे मिलीच्या आसपास भरलं. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, म्हणजे भरीव हात असेल तर साडेसात किलोच्या वर. एवढं मनगटाला बांधून कोणी लढत नसतं, तेव्हा तो पोकळ पत्र्याचा असणार आणि किलो-दीड किलोचा असणार असं आम्ही ठरवलं. पण आत पाणी शिरणारच, आणि तो हात पोहायला काडीचाही उपयोगाचा नाही, हे घोडेवालीनेही मान्य केलं. परात उचलताना तिने विचारलं, "मग आता मेला का वाचला?" आणि पोहणारा म्हणाला, "वाचणार, पण मला बघायचंय कसा."

मला वाटतं क्लिफहँगरची, म्हणजे पुढच्या भागापर्यंत टांगून ठेवणाऱ्या शेवटाची, सगळी गोम या 'कसा'मध्येच आहे. जेमी लॅनिस्टर मरणार नाही हे आम्हा चौघांनाही आतून माहीत होतं, सीझनचे तीन एपिसोड बाकी, पुढे आणखी एक सीझन, एवढ्या मोठ्या पात्राला पाण्यात गुपचूप कोण मारेल? तेव्हा 'वाचेल का' हा प्रश्न खोटाच होता. १९८० मध्ये डॅलस या अमेरिकन मालिकेने तिच्यातल्या जे. आर. ला गोळी कुणी मारली म्हणून मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत लोकांना टांगून ठेवलं तेव्हा प्रश्न 'कुणी' होता, आणि त्याचं उत्तर एका नावाने देता येतं. इथे प्रश्न 'कसा' होता, आणि 'कसा'चं उत्तर दाखवावं लागतं, सांगून भागत नाही. दुसरीकडे द वॉकिंग डेड या झाँबींच्या मालिकेने २०१५ मध्ये ग्लेन या पात्राचं केलं ती तर सरळ फसवणूक होती, कॅमेरा अशा कोनात ठेवला की आतडी त्याचीच निघतायत असं वाटावं, वर सुरुवातीच्या नामावलीतून नटाचं नाव काढून टाकलं, आणि महिन्याभराने तो कचराकुंडीखालून सरपटत बाहेर. स्पॉइल्स ऑफ वॉरने असलं काही केलं नाही, हे मी मोठ्याने सांगतो. शेवटचा शॉट अगदी प्रामाणिक आहे. माणूस जड आहे, जड वस्तू बुडते, बघा.

(एक आडवाट. हा एपिसोड प्रसारणाच्या आधीच, ४ ऑगस्टला लीक झाला होता, तो फुटला भारतातून, आणि पोलिसांनी त्यात चौघांना अटकही केली. आमच्यातल्या चौथ्याने तो चोरून आधीच बघितला होता हे नंतर कळलं. शिक्षा म्हणा हवं तर, बाकीच्यांना एक आठवडा टांगून राहावं लागलं, याला दोन दिवस जास्त.)

मग १३ ऑगस्टला पाचवा एपिसोड, 'ईस्टवॉच', दिग्दर्शक तोच. सुरुवातच नदीने. पाणी शांत, आणि एकदम ब्रॉन वर येतो, हाताशी जेमी, लढाईच्या जागेपासून चांगलंच लांब, धापा टाकत काठावर लोळतात. चिलखत अंगावर तसंच. हात हाताच्या जागी. ब्रॉन त्याला झापतो की काय करत होतास तिकडे, जेमी म्हणतो तिला मारलं असतं तर लढाई तिथेच संपली असती, ब्रॉन म्हणतो तिच्या आणि तुझ्या मधे ड्रॅगन होता तो दिसला नाही का, आणि माझी उधारी चुकती होईपर्यंत तुला मारायचा हक्क फक्त माझा.

संवाद फक्कड, नट दोघंही भारी. आणि आम्ही चौघं पडद्याकडे बघतोय. पोहणारा फक्त एवढंच म्हणाला, "परात उगाच धुतली."

तो चिडला यात मला काही चूक वाटत नाही, पण तो म्हणत होता ते कारण मला पटलं नाही. त्याचं म्हणणं, गणिताने हे अशक्य आहे. असेल, पण गणिताने अशक्य ते मी फँटसीत रोज चालवून घेतो. माझं म्हणणं असं की शेवटच्या दहा सेकंदांत मालिकेने एक नियम वापरला, जड माणूस बुडतो, आणि त्या नियमाच्या जोरावर आमच्याकडून आठवडाभराची धास्ती उधार घेतली. पुढच्या एपिसोडच्या पहिल्या मिनिटात तोच नियम गायब. बुडताना चिलखत पोलादाचं, वर येताना पुठ्ठ्याचं. इंग्रजीत ज्याला प्लॉट आर्मर म्हणतात, म्हणजे गोष्टीला हवा म्हणून पात्राला न मरू देणारं चिलखत, ते जेमीने आतून घातलं होतं म्हणा. शंका आणि क्लिफहँगर या आमच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं आम्हाला आठवडाभर वाटत होतं, घोडेवाली क्लिफहँगरवाली आणि पोहणारा शंकावाला. तक्रार मुळात एकच होती, उधारीची.

आणि फेडणं अवघड होतं असंही नाही. घोडेवालीने तिथल्या तिथे तीन उपाय सांगितले. ब्रॉन पाण्याखाली कट्यारीने चिलखताचे पट्टे कापतोय एवढा पाच सेकंदांचा तुकडा. किंवा दोघं तळाला पाय टेकून, धडपडत, सरपटत वाहत्या पाण्याच्या दिशेने पुढे गेले असं काहीतरी, काठ लांबचा आहेच. किंवा तिसरा, मला सगळ्यात आवडलेला: वर येतो तेव्हा जेमीचा सोन्याचा हात नाही.

हा तिसरा उपाय ऐकून मी लढाई परत लावली आणि तेव्हा जे दिसलं ते पहिल्यांदा सुटलं होतं. ब्रॉन स्कॉर्पियनकडे निघालाय, एक डोथ्राकी त्याच्या घोड्याचा पाय कापतो, ब्रॉन कोसळतो आणि त्याची सोन्याची थैली फुटून नाणी सांडतात. अख्ख्या मालिकेत हा माणूस सोन्यासाठी जगलाय. तो त्या नाण्यांकडे बघतो, मागे येणाऱ्या स्वाराकडे बघतो, आणि सोनं तिथेच टाकून पळतो. दोन सेकंदांचा मामला. ब्रॉनला जीव वाचवायची किंमत द्यावी लागली, ती आपल्या डोळ्यांसमोर घेतली, आणि कुणालाही तिथे शंका आली नाही, त्याच धुमश्चक्रीत वीसेक स्टंटमन एकाच वेळी खरोखर पेटवलेले आहेत तरी आपल्याला ती सांडलेली नाणी आठवतात. म्हणजे याच एपिसोडला हे जमत होतं. जेमीकडून फक्त वसुली केली नाही, त्याचं सोनं मनगटावर तसंच राहिलं.

पोहणाऱ्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो." म्हणत नव्हता, पण असो.

पुढच्या आठवड्यात, २० ऑगस्टच्या एपिसोडमध्ये, उत्तरेतल्या अजस्र भिंतीपलीकडे अडकलेल्या मंडळींचा निरोप घेऊन कावळा डेनेरिसकडे निघतो आणि ड्रॅगन वेळेवर हजर होतात, एवढं अंतर इतक्या लवकर कसं कापलं यावर तर जगभर बोंब झाली. दिग्दर्शक अ‍ॅलन टेलरने एका मुलाखतीत सांगितलं की आम्ही पटण्याजोगं अशक्य शोधत असतो. विचार मूळचा अ‍ॅरिस्टॉटलचा, आणि बरोबरच आहे. पण मला राहून राहून वाटतं की कावळ्यावर लोक एवढे तुटून पडले कारण खातं आधीच या नदीने ओव्हरड्रॉन केलं होतं. पहिल्या सीझनमध्ये तोच कावळा कुणी मोजला नसता.

घोडेवाली अजून जेमीच्या बाजूची आहे. ती म्हणते त्या नदीकाठच्या सीनमध्ये तुम्ही ऐकायचं तेच ऐकलं नाहीत. जेमी धापा टाकत म्हणतो, हे सगळं सर्सीला सांगायला हवं, एका ड्रॅगनने एवढं केलं, तिच्याकडे आणखी दोन आहेत. आणि ब्रॉन, नखशिखांत भिजलेला, थैली गमावलेला, त्याला म्हणतो, त्यापेक्षा परत नदीत उडी मार.